उलट फिरलेला स्क्रू

धाकट्याची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं.

गाडीमागे धूर होता. धूर गेले काही दिवस होताच. सगळी कटकट त्या धुराचीच होती. पण तो आपला करडा, फार तर मळकट. आज निघाला तो काळाकुट्ट, दाट, डांबर उकळत असावं तसा. समोरच्या टायरवाल्याचं दुकान पाटीसकट दिसेनासं झालं. आतून खोकल्याची उबळ आणि तिच्या पाठोपाठ एक कचकचीत शिवी ऐकू आली. धुराच्या पलीकडून धाकटा खुशीत ओरडत होता, "ताई, गाडी हातात मावेना आज! तुझं जेवण हिलापण मानवलं वाटतं!"

हॉर्न वाजला, गाडी वळणावर गेली, आणि रस्त्यावर नुसता धूर उरला.

वहिनी फाटकाला धरून उभ्या. हातात फडकं, फडक्याला ग्रीस.

"कमी व्हायला हवा होता," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "अगं बाई, कमी व्हायला हवा होता!"

वहिनी म्हणजे पंपमास्तरांची बायको. मास्तर शाळेतले नव्हेत, डिझेल गाड्यांच्या पंपांचे. डिझेलच्या इंजिनाला बुटाच्या खोक्याएवढा एक पंप असतो. त्याचं काम एकच, प्रत्येक सिलिंडरला वेळेवर आणि मापात डिझेल पाजायचं. पंगतीत वाढणाऱ्यानं डावं-उजवं करू नये, तसं. एकाला थेंबभर जास्त नि दुसऱ्याला थेंबभर कमी झालं, की इंजिन कुरकुरायला लागतं. घराच्या मागच्या खोलीत मास्तर असले पंप उघडत, धूत, जुळवत आणि मशीनवर चढवून त्यांचं माप लावत.

ती खोली त्या अख्ख्या गल्लीत सगळ्यांत स्वच्छ. बाहेर बघावं तिकडे काळं तेल, फाटके टायर, गंजके पाटे. आणि आत फरशीवर चेहरा दिसावा. पंपातले भाग इतके चोख बसतात की मध्ये धुळीचा कण गेला तरी ओरखडा उठतो. त्यामुळे चपला बाहेर, खिडक्या बंद, पंखासुद्धा बंद. मास्तरांचा मदतनीस काम सोडून गेला, तेव्हा नव्यानव्या वहिनी म्हणाल्या होत्या, "धुवायचंच आहे ना? मग मी धुते. तुमच्यापेक्षा बरं धुवेन." त्या दिवशी स्टूल ओढून त्या नवऱ्यासमोर बसल्या, त्या आजतागायत. मध्ये टेबल, टेबलावर पकडीत आवळलेला पंप, अलीकडे ह्या, पलीकडे ते. दोघांनी एका बाजूला बसायला जागाच नव्हती; मास्तरांच्या शेजारी ते माप लावायचं मशीन ऐसपैस पसरलेलं.

गल्लीतले थट्टा करत. "वहिनी, तुमची स्वयंपाकघरं किती? एक की दोन?"

"दोन," वहिनी म्हणत. "एकातलं तुम्हाला मिळतं, दुसऱ्यातलं तुमच्या गाडीला. गाडी निदान नावं तरी ठेवत नाही."

पुढेपुढे तर मास्तर बाहेर गेलेले असले की ड्रायव्हर वहिनींनाच विचारत. गाडी सकाळी पांढरा धूर का मारते, चढाला का दमते, वहिनी चटकन सांगायच्या. आणि त्यांचं सांगणं बरोबर असायचं. फक्त एक होतं. पंपाला पाना लावायचं काम नेहमी मास्तरांचं. वहिनींनी धुवायचं, पुसायचं, क्रमानं मांडून ठेवायचं आणि बघायचं.

सगळं काम झालं की मास्तर शेवटचा स्क्रू लावत. पंपाच्या मागच्या अंगाला असतो तो. इंजिनानं जास्तीत जास्त किती डिझेल प्यायचं, त्याची हद्द तो स्क्रू ठरवतो. एका बाजूला फिरवला की कमी, दुसऱ्या बाजूला फिरवला की जास्त. तो बसला की त्यातून बारीक तार ओवायची, तारेला शिशाची गोळी आणि गोळीवर चिमट्यानं मास्तरांचा शिक्का. सील. "सील लागलं की विषय संपला," मास्तर म्हणायचे. कुणी कितीही गळ घातली, "मास्तर, जरासा वाढवून द्या ना, चढाला गाडी रडते," तरी ते ऐकत नसत.

आणि नेमकी गळ घातली ती धाकट्यानं.

धाकटा म्हणजे वहिनींचा पाठचा भाऊ. जुना, लांब नाकाडाचा ट्रक चालवतो, सिमेंट आणि फरश्या वाहतो. गाडी प्रामाणिक, पण हळू. चढणीवर मागून येणारे सगळे त्याला मागे टाकून जात आणि जाताजाता खिडकीतून ओरडत, "काय कासव, आज पोचणार का उद्या?" नाव पडलं ते पडलंच. चहाच्या टपरीवरचा पोऱ्यासुद्धा विचारू लागला, "कासवभाऊ, साखर किती?"

"दाजी, तेवढं पंपाचं बघा ना," तो एक दिवस जेवताजेवता म्हणाला.

"काय बघू? उत्तम आहे पंप."

"वाढवून द्या. थोडासाच. सगळे करतात."

"सगळे विहिरीत उडी मारतात म्हणून—"

"झालं! विहीर आलीच मध्ये."

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. "हे बघ, ताकद काही स्क्रूत नसते. तू फक्त जास्त डिझेल ओतणार. हवा आहे तेवढीच. न जळलेलं धूर होऊन मागे जाणार आणि जळलेलं आत आग लावणार. भूक नसताना कोंबलं तर पोट बिघडतं, ताकद येत नाही."

"येते दाजी. बाकीच्यांना येते."

"मग त्यांच्याकडे जा."

हे वाक्य रागात होतं. धाकट्यानं ते आमंत्रण समजून घेतलं. पुलापलीकडे एक पंपवाला होता. त्यानं सील तोडलं, स्क्रू फिरवला, आणि कासवाला पाय फुटले. पुढच्या खेपेला गाडी अंगणात लागली तेव्हा मास्तरांनी बॉनेट उघडून पाहिलं. तुटकी तार लोंबत होती. त्यांनी ती दोन बोटांत धरली, सोडली, बॉनेट अलगद लावलं आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद, जेवण चालू. धाकट्याची वाट ह्याच गावावरून जायची, आणि ताईच्या घरावरून उपाशी जाणं त्याला जमायचं नाही. मग एकाच टेबलावर बसून दोघं वहिनींमार्फत बोलत.

"ताई, दाजींना म्हणावं, मीठ इकडे सरकवा."

"अगं, त्याला सांग, त्याच्या कोपराशीच आहे."

"मी काय टेलिफोन आहे का?" वहिनी वैतागत. पण निरोप पोचवत.

हसण्यावारी नेलं असतं त्यांनी. पण एकदा धाकटा मोठ्या कौतुकानं सांगत होता, "ताई, चढणीवर काळोख पडल्यावर बघ एकदा. सायलेन्सरचा पाइप असा लालबुंद होतो, निखारा नुसता!" मास्तरांचा घास हातात राहिला. धाकटा गेल्यावर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पिस्टन वितळणार त्याचा. आणि वितळेल तो चढणीवर, भरल्या गाडीत. सपाटीवर नाही."

"मग करा ना कमी!"

"त्यानं म्हणू दे."

धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आधी दाजींनी बोलू दे."

दोघंही हटायला तयार नाहीत, आणि मध्ये भरलेली गाडी रोज चढणीवर. वहिनींना ताटात लालबुंद पाइप दिसू लागला. आज दुपारी मास्तर लेथवाल्याकडे गेले, धाकटा जेवून आडवा झाला, दोन मिनिटांत घोरू लागला. वहिनींनी पाना घेतला, पेचकस घेतला आणि अंगणात गेल्या.

बंपरवर पाय देऊन त्या चढल्या, चाकावरच्या पत्र्यावर गुडघे टेकले, वाकून आत बघितलं. स्क्रू समोरच होता. हात ठाम होता. इतकी वर्षं हेच तर बघितलं होतं! मास्तर डिझेल कमी करायचे तेव्हा स्क्रू डावीकडे फिरताना त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. त्यांनी नट सैल केला, स्क्रू डावीकडे फिरवला, मनाचं समाधान होईना म्हणून आणखी फिरवला, नट आवळला, बॉनेट लावलं. त्याला कळणारही नाही, वाटेल गाडी जरा दमली.

आणि आता हा धूर.

वहिनी पळतच मागच्या खोलीत शिरल्या. आयुष्यात पहिल्यांदा चपलांसकट. टेबलावर पकडीत एक पंप लावलेला होता, मास्तर अर्धवट सोडून गेलेला. नेहमीच्या स्टुलावर बसून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. डावीकडे. बरोबर, डावीकडेच. मग काही तरी सुचलं आणि त्या उठल्या, टेबलाला वळसा घातला आणि मास्तरांच्या जागेवर जाऊन बसल्या.

त्या जागेवर त्या कधी बसल्याच नव्हत्या.

पंपाचं मागचं अंग आता त्यांच्या तोंडासमोर होतं. मास्तरांना रोज दिसायचं तसं, मघाशी गाडीत दिसलं होतं तसं. त्यांनी मास्तरांसारखा उजवा हात पुढे केला, पेचकस धरल्यासारखी मूठ केली आणि पलीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत मनगट वळवलं. पलीकडे बसलेल्या बाईला डावीकडे दिसावं म्हणून इथं बसलेल्याला ते उजवीकडे वळवावं लागत होतं.

इतकी वर्षं जे पाठ केलं, ज्याच्या जोरावर ड्रायव्हरांना सल्ले दिले, ते सगळं उलट बाजूनं बघितलेलं होतं. स्क्रू त्यांनी कमी केलाच नव्हता. आधीच फुगलेल्या पोटात त्यांनी आणखी कोंबलं होतं.

त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्या गाडीच्या आवाजात धाकट्याला स्वतःचा हॉर्न ऐकू येत नसे, फोन कुठला!

मास्तर दारात आले ते नवे वॉशर हातात घेऊन. "चपला घालून आत?" ते म्हणाले, आणि मग बायकोचा चेहरा बघून थांबले. "काय झालं?"

"अहो, मी स्क्रू फिरवला."

"कुठला स्क्रू?"

"त्याच्या पंपाचा. कमी करायला गेले हो! उलटा फिरला. मी इकडून बघत होते ना सगळं, इतकी वर्षं—"

मास्तरांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांच्या हातातले वॉशर फरशीवर सांडले आणि खोलीभर किणकिणत गेले. "किती फिरवला?"

"दोन फेरे."

"दोन!" मास्तर म्हणाले. "अगं, तिथे पाव फेऱ्याला इंजिनं रडतात! दोन?"

"ओरडा नंतर. स्कूटर काढा."

मास्तर ओरडले नाहीत. ह्याचाच वहिनींना जास्त धक्का बसला. ते पांढरेफटक पडले होते, आणि स्कूटरची किल्ली त्यांना खिशात असून सापडत नव्हती.

पुलावर गर्दी होती म्हणून बरं, नाहीतर धाकटा कुठल्या कुठे गेला असता. पूल ओलांडला तशी चढण सुरू झाली आणि वर, वळणावर, काळा पट्टा दिसला. गाडी दिसत नव्हती, नुसता धूर. तो डोंगराला घासत वर चालला होता आणि त्याच्या वाटेतल्या गाड्या बाजूला होत होत्या. आज कासव सगळ्यांना मागे टाकत होतं.

"हॉर्न वाजवा!"

"वाजवतोच आहे!"

"त्याच्या बाजूनं घ्या, मी हात करते!"

"बाजू दिसतेय कुठे?"

मास्तरांनी स्कूटर धुरात घातली. वहिनींचे डोळे झोंबू लागले, घशात कडू चव आली. समोर, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ, ट्रकचं मागचं फळकूट. त्यावर सिमेंटच्या गोण्यांची रास. वहिनी जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, "थांब! अरे, थांब!" आणि वर इंजिन गर्जत होतं, इतकं की स्कूटरचं हॅण्डल थरथरत होतं.

मग गर्जना बंद झाली.

हळूहळू नाही. एकदम, तोंडावर हात ठेवावा तशी. आतून कसलीशी धातूची किंचाळी आली, ठण्ण झालं आणि शांतता. एवढी मोठी गाडी जागच्या जागी अडखळली. चाकं घसटली. क्षणभर ती थांबल्यासारखी वाटली.

आणि मागे सरकू लागली.

फळकूट वहिनींच्या अंगावर येत होतं. त्यांना एवढंच दिसलं की गोण्यांवरची दोरी हलतेय. मास्तरांनी हॅण्डल पिळलं, स्कूटर रस्त्याच्या कडेला उडाली, चारीत कोसळली, आणि ट्रक त्यांच्या शेजारून, दगड करकरवत, हातभर, दोन हात, चार हात मागे गेला. हिस्स करून ब्रेक पकडले. गाडी थांबली.

दार उघडलं. धाकटा उडी मारून खाली आला आणि आधी मागच्या चाकांकडे धावला. गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून तो चाकांखाली बघत होता. "कोण आहे? कोण होतं मागे? अहो, कोण आहे?" आवाज त्याचा वाटतच नव्हता.

"इकडे आहोत," चारीतून मास्तर म्हणाले.

धाकट्यानं मान वर केली. दाजी. दाजींच्या पलीकडे, गवतात पाय पसरून बसलेली, तोंड काजळीनं काळं झालेली त्याची ताई. मग तो उठला, दोन मोठे दगड उचलून आणले, चाकांमागे लावले, परत आला आणि तरीही तो त्यांच्याकडे भूत बघावं तसाच बघत होता.

"तुम्ही इथं कसे?"

वहिनी पदरानं तोंडावरची काजळी पुसत राहिल्या. आणि त्यांच्या गप्प बसण्यात धाकट्याला भलताच अर्थ सापडला. त्याची भीती रागाकडे वळली. "त्या मेल्याचं काम हे! पुलापलीकडच्याचं! वाढवायला सांगितला तर किती वाढवावा? माझी बहीण मेली असती!" त्यानं फोन काढला, लावला, आणि पलीकडचा 'हॅलो' म्हणायच्या आत त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

फोनमधून बारीक आवाज येत होता. "अरे, मी तेवढाच केला होता रे! तीन आठवडे चालली ना तुझी गाडी? आजच काय झालं? मला काय माहीत?"

मास्तर वहिनींकडे बघत होते. नजरेत बोल असंही नाही, बोलू नको असंही नाही.

वहिनींनी हात पुढे करून फोन घेतला. "दादा, आजची चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमची आहेच, सील तुम्ही तोडलंत. पण आजची माझी. ठेवा आता." आणि फोन बंद करून भावाच्या हातात दिला.

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"तू झोपला होतास तेव्हा मी स्क्रू फिरवला. कमी करायचा होता. उलटा फिरला."

"तू?"

"मी."

"तू फिरवलास? तू, ताई?"

"किती वेळा विचारणार आहेस?"

धाकट्यानं मास्तरांकडे पाहिलं, जणू ते म्हणतील की थट्टा आहे. मग तो वळला, गाडीकडे गेला, आत चढला आणि दार आपटून लावून घेतलं.

वहिनी लंगडत खिडकीखाली गेल्या. "दार उघड."

"नाही."

"लहान आहेस का आता? उघड. मार मला हवं तर. इंजिन गेलं तुझं माझ्यामुळे."

मग धाकटा बोलू लागला, समोरच्या काचेकडे बघत. "हॉर्न ऐकला होता मी. बारीकसा. मला वाटलं, कुणी तरी स्कूटरवाला पुढं जायला बघतोय. म्हटलं, आज नाही. आज कासवाला कुणी मागे टाकायचं नाही. आणखी दाबला पाय." तो थांबला. "आरशात काही दिसत नव्हतं, ताई. तीन आठवडे काही दिसत नाहीये. नुसता काळा. आणि मला तो बघायला आवडत होता."

वहिनींना आता भीती वाटत होती ती वेगळीच. त्यांचा पाठचा भाऊ रडतोय की काय, ही. तो रडला असता तर त्यांना उभं राहवलं नसतं. पण त्यानं नाक पुसलं, दार उघडलं आणि बॉनेटपाशी उभ्या असलेल्या मास्तरांना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सरळ हाक मारली.

"दाजी."

"हं."

"पंप काढून न्या. तुमच्या मापानं लावा. आणि सील मारा."

मास्तरांनी बॉनेटवर तळवा नेला आणि टेकायच्या आतच मागे घेतला. "आत्ता नाही. हात लावला तर कातडी चिकटेल. निवू दे आधी."

"किती वेळ?"

"निवेल तेव्हा. बसा."

तिघं चारीच्या कडेला बसले. खालून एक भरलेली गाडी आली, दगडांना वळसा घालून पुढे गेली, आणि खिडकीतून सवयीनं आवाज आला, "काय कासव, बसलात का?" धाकट्यानं हात वर केला, एवढंच. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मास्तर कान देऊन इंजिनाची टिकटिक ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "दोन फेरे!" रागानं नव्हे, अजून विश्वास बसत नसल्यासारखं.

"ताई, रक्त," धाकटा म्हणाला.

वहिनींनी खाली पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटली होती, आणि दुखतंय हे त्यांना आत्ता, कुणी सांगितल्यावर, कळायला लागलं.